कचरा डेपोशेजारचं जुनं गावठाण: विकास आराखड्यावर हरकत नेमकी कशावर घ्यायची?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुमचं गाव काही वर्षांपूर्वी महापालिकेच्या हद्दीत आलं. गावठाण जुनं आहे. एक वेस शाबूत आहे, पायऱ्यांची बारव आहे, ग्रामदैवताचं दगडी देऊळ आहे, आणि काही वाडे आहेत, त्यातले निम्मे राहते. नाल्यापलीकडे महापालिकेचा कचरा डेपो. आता प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झालाय आणि डेपोभोवतीचं 'बफर'चं, म्हणजे बांधकाम न करण्याच्या पट्ट्याचं, वर्तुळ गावठाणाच्या अर्ध्या भागावर आलंय. नगरसेवक म्हणतात पुनर्वसनाची घरं मागा. तरुण मंडळी म्हणतात हेरिटेजचा दर्जा मागा. जुनी मंडळी म्हणतात आधी डेपो हलवा, मग आराखड्याचं बोलू. हरकतींची मुदत चालू आहे आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही.

मी बरीच वर्षं नगररचनेच्या कामात होतो, म्हणजे आराखडे आखणाऱ्यांच्या बाजूला. निवृत्तीनंतर गावांना हरकती लिहायला मदत करतो, म्हणजे टेबलाच्या पलीकडे. त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्याकडे दोन वेगळी भांडणं आहेत आणि गावात ती एकच समजली जातायत. पहिलं डेपोच्या रोजच्या कारभाराचं: वास, धूर, माश्या, काळं पाणी. त्याची दाद प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, हरित लवादाकडे, उच्च न्यायालयात मागायची. दुसरं जमिनीच्या वापराचं: पुढची वीस वर्षं कुठे काय होणार, कुणाला काय बांधता येणार, रस्ता कुठून जाणार. ते भांडण फक्त आराखड्यात होतं, आणि त्याला मुदत असते. सुनावणीत तासभर वासाबद्दल बोललं, तर समिती सहानुभूतीने ऐकते आणि अभिप्रायाच्या रकान्यात 'संबंधित विभागास कळवावे' असं लिहून मोकळी होते. वास खोटा नसतो, पण त्या समितीच्या हातात वास नसतो, रेषा असते. त्यामुळे तुमची प्रत्येक हरकत कुठल्यातरी रेषेवर, सर्व्हे नंबरवर किंवा आरक्षणाच्या (सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेच्या) नावावर असली पाहिजे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. डेपोवर रोज नवा कचरा पडतोय, की तो बंद आहे, की जुन्या ढिगाचं बायोमायनिंग (साचलेला कचरा उपसून वेगळा करणं) चालू आहे, यावर निम्मं उत्तर बदलतं. जमिनीचा उतार गावठाणाकडे आहे की उलट, यावर पाण्याचा मुद्दा टिकतो किंवा पडतो. आणि गावात खरोखर किती घरांना तिथेच राहायचंय, हा प्रश्न तुम्ही आपापसात मिटवल्याशिवाय कुठलाही नियोजनकार तुमच्या मदतीला येऊ शकत नाही. निम्मं गाव 'आम्हाला हलवा' आणि निम्मं 'आम्हाला जपा' म्हणालं, की समिती आराखडा आहे तसा ठेवते. हे मी एकापेक्षा जास्त गावांत पाहिलंय.

आता त्या वर्तुळाकडे येऊ, कारण तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा तिथे आहे.

८ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत बफरची व्याख्या दिलेली होती. रोज ५ टनांपेक्षा जास्त क्षमतेच्या प्रक्रिया किंवा विल्हेवाट केंद्राभोवती विकास न करण्याचा पट्टा, आणि हा पट्टा त्या केंद्रासाठी दिलेल्या एकूण क्षेत्राच्या आतच ठेवायचा. हे दुसरं वाक्य पुन्हा वाचा. बफर डेपोच्या जमिनीत पडायला हवा, शेजाऱ्याच्या नाही. डेपोच्या कुंपणापासून बाहेर मोजलेलं वर्तुळ या व्याख्येशी जुळत नाही. ढिगापासून कुंपणापर्यंत मोकळी जागा सोडायची जबाबदारी डेपो चालवणाऱ्याची. प्रत्यक्षात होतं काय, की ढीग कुंपणाला भिडलेला असतो, आत बफरला जागा उरलेली नसते, म्हणून कागदावर तो बाहेर सरकतो, आणि ज्याने कचरा टाकला नाही त्याच्या अंगणात जातो.

मग हरकतीत मागायचं काय? एक, बफरची आतली आणि बाहेरची हद्द कुठून मोजली ते आराखड्यात स्पष्ट लिहा. दोन, ती डेपोच्या जमिनीच्या गटाच्या आत घ्या. तीन, काही कारणाने ते शक्यच नसेल, तर बाहेरची जमीन रीतसर आरक्षित करा आणि मोबदला देऊन संपादन करा. हा तिसरा मुद्दा पर्याय म्हणून जरूर लिहा. नुसत्या बफरखाली गेलेल्या जमिनीच्या मालकाची अवस्था आरक्षणाखालच्या मालकापेक्षा वाईट असते. आरक्षण असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे १० वर्षांनी नोटीस देता येते, त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द होतं. बफरला अशी मुदत नाही. जमीन तुमची, कर तुमचा, आणि बांधायचं काहीच नाही.

एक सावधगिरी. कचऱ्याचे नियम काही वर्षांनी बदलतात, आधी २००० चे होते, मग २०१६ चे आले, आणि १ एप्रिल २०२६ पासून नवे लागू झालेत. हरकत लिहाल त्या दिवशी जी आवृत्ती लागू असेल तिची प्रत काढा आणि त्यातली व्याख्या शब्दशः उतरवा. डेपोला ज्या वर्षी परवानगी मिळाली त्या वेळच्या अटीही माहितीच्या अधिकारात मागवा. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात बऱ्याचदा हिरवा पट्टा, कुंपण, लिचेट (कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी) साठवण्याची टाकी अशा अटी असतात, ज्यांचा जागेवर पत्ता नसतो.

अंतरांचा आणखी एक गुंता तुमच्या गावठाणावर आहे, तो समजून घेतलात तर सुनावणीत उपयोगी पडेल. २०१६ च्या नियमांत लँडफिलची, म्हणजे क्षेपणभूमीची, जागा निवडताना वस्ती, महामार्ग, सार्वजनिक उद्यान आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर, तळ्यापासून २०० मीटर आणि नदीपासून १०० मीटर अंतर सांगितलं होतं. दुसरीकडे महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी अकृषिक धरायची सोय आहे. म्हणजे एक कायदा घरांना बाहेर पसरायला सांगतो आणि दुसरा डेपोला तेवढंच अंतर राखायला सांगतो. दोन्हींची गाठ तुमच्या नाल्यावर पडते. त्यात गावात केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असेल तर त्याच्याभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, हे तिसरं वर्तुळ. आराखडा करणाऱ्याने ही सगळी वर्तुळं एका नकाशावर टाकून पाहिलीयत का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माझा अंदाज, टाकलेली नसतात. वेगवेगळ्या विभागांनी वेगवेगळ्या तक्त्यांत दिलेली असतात. तुमच्याकडच्या एखाद्या मुलाने सर्व्हे नंबरच्या नकाशावर ती आखून आणली, तर त्या एका कागदाचं वजन शंभर सह्यांपेक्षा जास्त.

यानंतर विद्यमान भूवापर नकाशा. प्रस्तावित आराखडा सगळे बघतात, हा कुणी उघडत नाही. नगररचना अधिनियमाच्या कलम २५ प्रमाणे आधी पाहणी करून हा नकाशा तयार करावा लागतो, आणि प्रस्ताव त्याच्यावर उभे राहतात. त्यात तुमची बारव 'विहीर' म्हणून तरी आलीय का? देवळासमोरचं पटांगण मोकळी जागा म्हणून आलंय, की 'रिक्त भूखंड' म्हणून? पडका वाडा निवासी दाखवलाय की मोकळा? रिक्त दाखवलेल्या जागेवर पार्किंग, पाण्याची टाकी, कचरा हस्तांतरण केंद्र असं काहीही येऊन बसतं, आणि आखणाऱ्याला आपण इतिहास पुसतोय हे ठाऊकही नसतं. त्याच्या पडद्यावर तो पांढरा चौकोन असतो.

त्याला जोडूनच मालकीचे कागद. जुन्या गावठाणांत अनेकांकडे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा सोडून काही नसतं, आणि तो कर आकारणीचा कागद आहे. मालकी त्याने सिद्ध होत नाही. स्वामित्व योजनेत किंवा नगर भूमापनात तुमच्या गावठाणाची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रकं निघाली असतील, ती काढून ठेवा. झाली नसेल तर मोजणीची मागणी आत्ताच करा. पुढे टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क), मोबदला, दुरुस्तीचं अनुदान, पुनर्वसन, काहीही मागायचं झालं तरी पहिला प्रश्न पत्रकावर नाव कुणाचं हाच येतो. वाड्यांच्या बाबतीत हे फार जिकिरीचं. पणजोबांच्या नावावर घर, वारस तीन शहरांत पांगलेले, आणि एकाची सही राहिली की सगळं अडतं.

तुमच्या प्रश्नात रस्त्याचा उल्लेख नव्हता, पण मी असतो तर आराखडा उघडल्यावर बफरच्याही आधी रस्ते पाहिले असते. डेपोकडे जाणारे डंपर आज गावातून जातात का? जात असतील, तर आराखड्यात तोच रस्ता रुंद केलेला असण्याची दाट शक्यता आहे. गल्ली ६ मीटरची, वर लाल रेषा १२ किंवा १८ मीटरची. डेपो वाड्याचं नुकसान हळूहळू करतो, रस्तारुंदीची रेषा एका सहीत करते. रेषा ओटा, देवडी आणि पुढच्या सोप्यातून गेली की मागे उरलेल्या वाड्याला वाडा म्हणायला काही राहत नाही. शिवाय रेषेत आलेल्या भागाची नवी परवानगी मिळत नाही, मग मालक दुरुस्ती थांबवतो, पावसाळ्यात भिंत बसते, आणि 'धोकादायक' म्हणून नोटीस लागते. दगडी जोत्यावर पांढऱ्या मातीच्या किंवा चुन्यातल्या भिंती असतील तर भरलेल्या डंपरच्या हादऱ्यानेच सांधे सुटायला लागतात. वेशीच्या कमानीचे दगड खालून बघा, जिथे वाहनांचा घासा लागतो तिथे नव्या जखमा दिसतील. त्यांचे तारखेसह फोटो काढा.

इथे मागणी अशी: डेपोची वाहतूक गावठाणाबाहेरून नेणारा वेगळा रस्ता आराखड्यात दाखवा आणि आतल्या रस्त्यांची प्रस्तावित रुंदी रद्द करून विद्यमान रुंदी कायम ठेवा. बाहेरचा रस्ता कुठून जाईल ते सर्व्हे नंबर देऊन सुचवा. तो कुणाच्या तरी शेतातून जाणार, त्याचं म्हणणंही असणार, ते भांडण सुनावणीच्या आधी गावात करून घ्या. अग्निशमनाची गाडी आत यायला जागा नको का, असा प्रश्न येईल. तो रास्त आहे. उत्तर तयार ठेवा: कुठल्या दोन टोकांना पाण्याचे हायड्रंट बसवता येतील, कुठली गल्ली मोकळी ठेवता येईल.

पाण्याबद्दल सांगतो, कारण पुराव्याच्या नावाखाली सगळ्यात कच्चं काम इथे होतं. एका विहिरीचं एक बाटली पाणी तपासून 'डेपोमुळे दूषित' असा अहवाल आणला जातो, आणि समोरचा अभियंता दोन मिनिटांत तो उडवतो: तुमच्या गावठाणात गटार नाही, शोषखड्डे आहेत, हे नायट्रेट तुमच्याच संडासांचं. त्याचं म्हणणं नेहमी चुकीचं असतंच असं नाही. म्हणून नमुने जोडीने घ्या. डेपोच्या वरच्या अंगाची एखादी विहीर आणि खालच्या अंगाच्या दोन-तीन, एकाच दिवशी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. क्लोराइड, अमोनिया, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) आणि जड धातू सांगून तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, क्लोराइडची २५० आणि नायट्रेटची ४५ आहे, पण मर्यादा ओलांडली की नाही यापेक्षा वरच्या आणि खालच्या विहिरींतला फरक जास्त बोलका असतो. आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी भेगांमधून आणि वरच्या मुरमाच्या थरातून जातं, त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे तुमच्या पाणलोटाची माहिती असते, ती मागा.

हवेची पाहणी कधी होते त्यावरही लक्ष ठेवा. मे महिन्यात दुपारी समिती आली तर तिला फारसा वास येणार नाही, ऊन आणि वारा सगळं वर नेतात. हिवाळ्यात पहाटे थंड हवेचा थर खाली बसतो आणि वास जमिनीलगत साचून राहतो. ढिगातून निघणाऱ्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याने चांदी, तांबं, पितळ काळं पडतं. देव्हाऱ्यातले टाक घासून आठ दिवसांत पुन्हा काळवंडतात, हे एका आजींनी मला सांगितलं होतं. त्याचा पुरावा म्हणून उपयोग नाही, पण कुठल्या आळीत जास्त आणि कुठल्या आळीत कमी, हे घरोघर विचारून नकाशावर मांडलं, तर हवेचं मोजमाप यंत्र कुठे बसवायला सांगायचं ते कळतं.

आता हेरिटेज. तरुणांचा उत्साह मला कळतो आणि दिशाही बरोबर आहे. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम २२ मध्ये ऐतिहासिक, वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या वास्तू आणि परिसर जपण्याची तरतूद हा आराखड्याचाच विषय मानलाय. त्यामुळे 'हे आमच्या कक्षेत येत नाही' असं समितीला म्हणता येत नाही. पण नुसता दर्जा मिळून घर उभं राहत नाही. हेरिटेज वास्तूंच्या सूचीत श्रेणी १, २, ३ असतात, आणि श्रेणीनुसार बंधनं कमी-जास्त. एरवी घराच्या आतल्या दुरुस्तीला, किंवा बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या कामाला, कलम ४३ प्रमाणे वेगळी परवानगी लागत नाही. हेरिटेज वास्तू आणि हेरिटेज परिसर मात्र त्या सवलतीतून वगळलेत. म्हणजे सूचीत गेल्यावर, काल ज्या कामाला सुतार बोलावला की भागत होतं, त्याला आज अर्ज करावा लागेल. आणि गावठाण बफरमध्येही आणि सूचीतही राहिलं, तर दुरुस्ती करायला एक समिती हवी आणि दुसरा नियम आडवा. मालक काय करेल? कुलूप लावून निघून जाईल.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी बफर गावठाणावरून काढायला लावा. मग एकेक सुटा वाडा न मागता वेस, बारव, देऊळ, पटांगण आणि त्यांना जोडणारी मुख्य आळी, असा परिसर मागा. बहुतेक घरांना श्रेणी ३ पुरेशी होते, अगदी वेस-बारवेसारख्यांना वरची. सोबत छोट्या दुरुस्त्यांची एक यादी सुचवा, ज्यांना वॉर्ड पातळीवरच ठरलेल्या दिवसांत परवानगी मिळेल: कौलं बदलणं, सडलेली तुळई बदलणं, चुन्याचा गिलावा, संडास-बाथरूम. हे शेवटचं विसरू नका. जुन्या घरातून माणसं इतिहासाला कंटाळून जात नाहीत, सोयी नाहीत म्हणून जातात. सूचीतल्या वास्तूच्या मालकाला न वापरलेल्या बांधकाम हक्काच्या बदल्यात टीडीआर मिळण्याची सोय विकास नियंत्रण नियमावलीत आहे, पण तो मिळायला वर म्हटलेली मालमत्ता पत्रकं आणि सगळ्या वारसांच्या सह्या लागतात.

डेपो हलेल का? खरं सांगायचं तर आराखड्यातल्या हरकतीने चालू डेपो हललेला मी पाहिलेला नाही. मुंबईचा देवनार डेपो १९२७ पासून आहे, शहराचे किती आराखडे आले आणि गेले. डेपो बंद होतात ते आंदोलन, न्यायालय आणि पर्यायी जागा या तिन्ही गोष्टी जुळल्यावर. मुलुंडचं क्षेपणभूमीचं काम २०१८ मध्ये थांबलं, कल्याणचं आधारवाडी २०२१ मध्ये. कचऱ्याच्या ढिसाळ कारभारावरून उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत २०१५ मध्ये आणि मुंबईत २०१६ मध्ये नव्या बांधकामांवर बंदी घातली होती, त्यानंतर प्रशासन हललं. उरुळी देवाची आणि फुरसुंगीचं उदाहरण तुमच्या अधिक जवळचं. आधी गावात डेपो आला, मग २०१७ मध्ये गावं पुणे महापालिकेत आली, मग ती वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद करायचं ठरलं. गावाची हद्द बदलली म्हणून कचऱ्याचा ढीग जागचा हलत नाही.

पण आराखड्यात एक गोष्ट नक्की करता येते: डेपो आजच्यापेक्षा वाढू न देणं, आणि तो संपल्यावर त्या जमिनीचं काय होणार ते आत्ताच लिहून घेणं. आरक्षणाचं नाव नीट वाचा. 'घनकचरा व्यवस्थापन' असं मोघम नाव असेल तर जुना ढीग उपसून झाला की त्याच जागी नवा ढीग घालायला कुणाला काही विचारावं लागणार नाही. नावातच प्रक्रिया प्रकल्प आणि क्षेपणभूमी वेगळे करायला सांगा, आणि गावठाणाच्या बाजूच्या पट्ट्यावर झाडांचा पट्टा किंवा उद्यान असं वेगळं आरक्षण मागा. ढीग झाकून बंद करणार असतील तर २०१६ च्या नियमांप्रमाणे बंद केल्यावर किमान १५ वर्षं देखरेख होती, आणि त्यानंतरही वायू, लिचेट आणि जमिनीची स्थिरता तपासल्याशिवाय तिथे वस्तीचा विचार करता येत नव्हता. त्यामुळे 'डेपो बंद झाला की तिथे तुमच्यासाठी शाळा, दवाखाना' असं आश्वासन कुणी दिलं तर त्याला लागू आवृत्तीतला हा नियम दाखवा. बायोमायनिंग करून जमीन पूर्ण मोकळी होणार असेल तर वेळ कमी लागू शकतो, तरी मातीची तपासणी हवीच.

डेपो बंद होण्याच्या दिवसाची तयारी गावं करत नाहीत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात चॅपेल हिल या गावाच्या कडेला रॉजर्स रोड नावाची कृष्णवर्णीय कुटुंबांची जुनी वस्ती आहे. १९७२ मध्ये तिच्याशेजारी लँडफिल सुरू झालं आणि २०१३ मध्ये बंद झालं. मधली चार दशकं तिथले लोक पाणी, सांडपाण्याची वाहिनी आणि समाजकेंद्र मागत राहिले. समाजकेंद्र २०१४ मध्ये झालं, वाहिनी त्याच्याही नंतर. पण लँडफिल बंद होऊन सोयी यायला लागल्या तशी नवी चिंता उभी राहिली: आता इथे बाहेरचे बांधकामवाले येतील आणि ज्यांनी वास सोसला त्यांनाच इथे राहणं परवडणार नाही. म्हणून २०१९ मध्ये त्या वस्तीसाठी वेगळे वापर-नियम केले गेले, त्यात घरगुती व्यवसायांना मुभा आणि घरांच्या आकाराला आळा होता. तुमच्याकडेही ढीग गेला की नाल्याकाठच्या जमिनीचे भाव उठणार. गावठाणात उंची किती, किती प्लॉट एकत्र करता येतील, वाड्यात खानावळ, विणकाम, शिकवणी चालवता येईल का, हे नियम आज, भाव पडलेले असताना मागणं सोपं आहे. भाव चढल्यावर तुमच्यातलेच काहीजण विरोधात उभे राहतील.

पुनर्वसनाला माझा सरसकट विरोध नाही. ढिगाच्या अगदी पायथ्याशी घर असेल, उतार खचण्याचा धोका असेल, घरात वायू साचत असेल, तर हलावं. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की तो ठिणगीने पेटू शकतो, बंद तळघरात आणि बळदात हा धोका खरा असतो. पण ते त्या घरांपुरतं, घरमालकाच्या इच्छेने, आणि आधी वाचता येण्यासारख्या लेखी अटींवर. सगळ्या गावठाणासाठी म्हणून पुनर्वसन स्वीकारलंत तर बफरचं वर्तुळ कायमचं पक्कं होतं. आणि वाड्यांतले भाडेकरू, ज्यांची नावं कुठल्याही पत्रकावर नाहीत, ते हिशोबातूनच गळतात. त्यांची घरनिहाय यादी वीजबिलं आणि मतदार यादीच्या आधारे आत्ताच करून ठेवा.

शेवटी कामाचं. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे हरकतींसाठी ३० दिवस असतात. त्यानंतर नियोजन समिती ऐकते, तिच्यात स्थायी समितीचे ३ सदस्य आणि बाहेरून नेमलेले ४ पर्यंत तज्ज्ञ असतात. समितीसमोर तुमचा अर्ज मूळ रूपात क्वचित येतो. एक तक्ता येतो: अनुक्रमांक, नाव, सर्व्हे नंबर, हरकतीचा गोषवारा, अभिप्राय. गोषवाऱ्याचा रकाना दोन ओळींचा असतो आणि तो कुणीतरी लिपिक भरतो. चार पानी अर्जातल्या सहा मागण्यांपैकी पहिलीच त्यात येते. म्हणून एका अर्जात एकच मागणी, आणि ती पहिल्या दोन ओळींत, सर्व्हे नंबरसह. छापील मजकुरावर तीनशे सह्या गोळा केल्यात तर त्या एकाच क्रमांकाखाली जातात. त्यापेक्षा ज्याची जमीन, ज्याची भिंत, त्याचा वेगळा अर्ज त्याच्या शब्दांत.

मुदतीत सगळं जमणार नाही, म्हणून बफरची, रस्तारुंदीची आणि आरक्षणाच्या नावाची अशा तीन हरकती आधी टाका आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. हेरिटेज परिसराची मागणीही त्याच मुदतीत दोन पानांत नोंदवून ठेवा, तपशीलवार यादी आणि मोजमापं सुनावणीला जोडता येतात. पाण्याचे अहवाल आणि मालमत्ता पत्रकं नंतर दिली तरी चालतात. रस्त्याच्या रेषेवर मुदतीत हरकत नसेल तर मात्र सुनावणीत तो विषय काढू देत नाहीत, आणि आराखडा मंजूर झाल्यावर कलम ३७ खाली फेरबदल मागायचा म्हणजे महापालिकेचा ठराव, पुन्हा हरकती, मग शासनाची मंजुरी, एवढी चक्कर आहे.